भिकुबाईचं तेल

शनिवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून रतिलाल आबांनी फ्रिज उघडला आणि दुधाच्या पातेल्यामागे ठेवलेला स्टीलचा डबा बाहेर काढला. डब्यात कापसात गुंडाळलेल्या दोन लहान तपकिरी बाटल्या होत्या. एकीच्या तळाशी कसलासा पिवळट गाळ दिसत होता, दुसरी गळ्यापर्यंत भरलेली होती. देवाला द्यायचं तेल तळातलं नसावं एवढी समज आबांना होती. त्यांनी भरलेली बाटली सदऱ्याच्या खिशात टाकली, मुलगा हितेंद्र अजून अंथरुणातच आहे हे पाहून घेतलं आणि पिंप्राळ्याच्या कोपऱ्यावरच्या मारुतीकडे निघाले. हितेंद्रला उठवायचं नव्हतं ते चोरी वाटत होती म्हणून नव्हे. तो उठला की प्रश्न विचारतो, आणि देवाच्या कामाला निघताना आबांना प्रश्न आवडत नसत.

आबांचा साक्रीला तेलाचा घाणा होता. तिथे एक रीत होती. नव्या हंगामाचा दाणा घाण्यात पडला की निघालेलं पहिलं तेल कुणाच्या जिभेला लागायच्या आत वेशीवरच्या मारुतीला जायचं. आबांच्या वडिलांनी ती पाळली, आबांनी पाळली. मारुतीचं झालं की घाण्यावरच्या माणसांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तिखट, मीठ आणि त्यावर घाण्यातून आलेलं कोमट तेल. त्या तेलाचा वास पार बाजारापर्यंत जायचा आणि तो आला की लोक आपापल्या किटल्या घेऊन घराबाहेर पडायचे. पुढे पाकिटातलं तेल आलं, ते स्वस्त होतं आणि त्याला वास नव्हता. लोकांना वास नसलेलं तेल चांगलं कसं वाटतं, हे आबांना आजतागायत कळलेलं नाही. घाणा बंद झाला आणि आबा जळगावला मुलाकडे राहायला आले. इथे सगळं होतं, नळाला पाणी एक दिवसाआड का होईना येत होतं, पण घराला तेलाचा वास नव्हता.

अशा घरात सारिका सून म्हणून आली. ती जामनेरची, आणि विद्यापीठात संशोधन करत होती समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर. मेहरूणच्या तलावापलीकडे मोठं पाणी न पाहिलेल्या नातेवाइकांना हे पटवून देता देता हितेंद्र थकून गेला होता. जळगावात समुद्र कुठे, हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याला विचारला गेला. आबांनी मात्र एकच विचारलं होतं, की त्या जीवांचं करतात काय. सारिका म्हणाली, वाढवतात आणि त्यांच्यापासून तेल काढतात. तेल हा शब्द ऐकल्यावर आबा खुर्चीत सरळ होऊन बसले.

मग रोज संध्याकाळी चहाबरोबर त्या तेलाच्या गप्पा सुरू झाल्या. कोकणात खाडीकाठच्या झाडांखाली जो चिखल असतो त्यातून हे जीव आणलेले. नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. काचेच्या चंबूत खारं पाणी घालायचं, साखर द्यायची, चंबू रात्रंदिवस हलता ठेवायचा, की ते पोटात तेल साठवतात. गंमत अशी की एकाच चिखलातले, एकच साखर खाणारे, एकाच उबेत वाढलेले, तरी एक चंबू तेलाने भरतो आणि शेजारचा कोरडा राहतो. असं का होतं, याच्यामागे सारिका लागली होती. घरात बाकी कुणाला यात विशेष काही दिसलं नाही. आबांना मात्र ते समजावून सांगावं लागलं नाही; घाण्यावर दाणा घेऊन येणारे शेतकरी त्यांना आठवले.

"आमना हिलाल व्हता," ते म्हणाले, "त्याना दाना असा टपोरा, पाही लेवा. पन घानामा टाका का पेंडच पेंड. आनि भिकुबाई माळवरथीन दाना आने, बारीक, सुरकुतेल. तिना दानाले जे तेल निंघे, भांडं पुरे नही."

त्या दिवसापासून सारिकाच्या तेल न देणाऱ्या जीवांचं नाव हिलाल पडलं आणि सगळ्यात जास्त तेल देणाऱ्यांचं भिकुबाई. नावं घरात इतकी रुळली की एकदा विद्यापीठात भर बैठकीत सारिकाच्या तोंडून "भिकुबाईचं उत्पन्न वाढलंय" असं निघून गेलं आणि तिच्या सरांनी या भिकुबाई कोणत्या विभागात असतात म्हणून चौकशी केली. आबांनी तिला पहिल्या तेलाची रीतही सांगितली होती. ती हसून म्हणाली होती, "मग माझंही पहिलं तेल मारुतीलाच द्यायला हवं." माणूस हसत बोलतो तेव्हा ते धरायचं नसतं, हा नियम शहरात असेल. आबांनी ते धरून ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी सारिका तो डबा घरी घेऊन आली. विद्यापीठात दोन दिवस वीज जाणार होती, आणि सोमवारी तिची एक मैत्रीण मुंबईला निघाली होती. तिच्याबरोबर तेल तपासायला पाठवायचं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत नंबर लागायला सारिकाने किती महिने वाट पाहिली होती ते हितेंद्रला माहीत होतं. डब्याला हात लावू नका एवढं त्याला बजावून ती भाचीच्या बारशाला जामनेरला गेली. आबा तेव्हा पारावर बसायला गेले होते, आणि परत आल्यावर त्यांना हितेंद्रकडून फक्त इतकंच कळलं की सारिकाचं तेल निघालं, फ्रिजमध्ये आहे.

मारुतीसमोर उभं राहून आबांनी बाटली उघडली. वास जरा चमत्कारिक आला, पण समुद्रातल्या वस्तूला समुद्राचाच वास यायचा. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत धार धरली, कंजूषपणा केला नाही, बाटली उलटी करून शेवटचा थेंबही पडू दिला. मग हात जोडून म्हणाले, की देवा, इतक्या वर्षांनी घरात पुन्हा पहिलं तेल आलं, पोरीला यश दे. येताना त्यांच्या चालण्यात साक्रीचा तो जुना ऐटीतला डौल आला होता.

घरी हितेंद्र चहासाठी दूध काढायला गेला होता आणि एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात उघडा डबा घेऊन उभा होता. त्याने विचारलं, आबांनी सांगितलं. हितेंद्रने पातेलं ओट्यावर ठेवलं आणि तो खालीच बसला.

"आबा, ती भिकुबाई होती. राहिलेल्या बाटलीत नुसता गाळ आहे. दोन वर्षांचं काम होतं ते."

आबांना आधी कळेना. त्यांच्या हिशेबाने विद्यापीठात पिंपं भरलेली असणार आणि हे घरी आणलेलं म्हणजे चवीपुरतं. हितेंद्रने सांगितलं की पिंप वगैरे काही नाही, चंबूंवर चंबू वाढवून, वाळवून, पिळून एवढंच निघतं. सोमवारी ते गेलं नाही तर नंबर गेला, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. ज्या माणसाने जन्मभर तेल काढलं त्याने सुनेचं तेल दगडावर ओतलं होतं, आणि वर बाटली उपडी करून झटकली होती. सारिकाला फोन कोणी करायचा यावर बाप-लेकाचं चटकन एकमत झालं, की आत्ता कोणीच करायचा नाही. आधी काय वाचतं ते बघायचं. आबांनी वाटी, चमचा आणि कापूस घेतला आणि दोघं देवळाकडे धावले.

तोवर ऊन चांगलं तापलं होतं आणि मारुतीही. ओट्यावर तीन मांजरं ओळीने बसून देवाकडे टक लावून पाहत होती. त्यांच्यामागे गल्लीतली माणसं नाकाला पदर आणि रुमाल लावून उभी होती, आणि त्या सगळ्यांच्या पुढे प्रमिलाबाई. देवळाचा कारभार कुणी त्यांच्याकडे दिलेला नव्हता, पण तो त्यांच्याकडे होता.

आबांनी कुणाकडे न पाहता मारुतीच्या पायाशी असलेल्या परातीत वाटी बुडवली. परातीत सकाळपासून आलेल्या सगळ्या भक्तांचं तेल होतं. कुणाचं तिळाचं, कुणाचं शेंगदाण्याचं, बऱ्याच जणांचं पामतेल, आणि वर शेंदूर. त्यातून भिकुबाई वेगळी काढणं खुद्द मारुतीलाही जमलं नसतं. तरी आबा वाटी भरत राहिले. लोकांना वाटलं, आबा देवाची सफाई करताहेत. दोन-तीन जणांना ते पाहून भक्ती आली आणि त्यांनी गरम पाण्याची बादली मागवली. आबा मारुतीला पाठीशी घालून उभे राहिले आणि पाणी लावू नका म्हणू लागले. का लावू नका, ते त्यांना सांगता येईना.

एवढ्यात प्रमिलाबाईंना गुन्हेगार सापडला. कोपऱ्यावर छगनची अंडाभुर्जीची गाडी लागायची. गाडी लावायच्या आधी छगन दर शनिवारी मारुतीला तेल घालायचा, आजही घालून गेला होता. अंड्याच्या हाताने तेल घालणारा माणूस मासळीच्या हातानेही घालेल, असं प्रमिलाबाईंनी जाहीर केलं आणि बघता बघता ते सगळ्यांना पटलं. छगनला बोलावून आणलं गेलं. तो म्हणाला, बाई, मी तिळाचं आणतो, दुकानदाराला विचारा. कुणी विचारायला गेलं नाही. गाडी आजपासून इथे लागणार नाही, असं ठरलं. छगनने फक्त गाडीकडे पाहिलं.

आबांच्या हातात शेंदरी तेलाची वाटी होती. गप्प बसलं तर कुणाला काहीही कळणार नव्हतं. हितेंद्रही त्यांच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तेच होतं. गल्लीत आबांना मान होता. वादात लोक त्यांचं ऐकत, सणाला पहिला नारळ त्यांच्या हातून फुटे. त्या क्षणी तो मान त्यांना नको वाटण्याइतका जड झाला.

"छगननं काही नही," आबा म्हणाले. "तेल मी टाकं. मन्ही सूननं तेल शे ते."

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. मांजरं तेवढी जागची हलली नाहीत. प्रमिलाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "आबा, तुमच्या घरात तर अंडंसुद्धा येत नाही. सून मासे पिळते का?"

आता सारिकाच्या अब्रूचा प्रश्न आला आणि आबांचा आवाज चढला. त्यांनी तिथल्या तिथे देवाची शपथ घेतली की या तेलात मासा नाही, हे शाकाहारी तेल आहे. पुढचं हितेंद्रने सांगितलं, कारण बायकोचं संशोधन त्याला झोपेतही पाठ होतं. माशाच्या अंगात जे गुणकारी तेल असतं ते त्याचं स्वतःचं नसतंच. हे सूक्ष्मजीव ते तयार करतात, लहान जीव त्यांना खातात, त्यांना मासे खातात. सारिका मधल्या माशाला बाजूला ठेवते आणि तेल थेट मुळातून काढते. वास तेवढा सारखा येतो.

यावर प्रमिलाबाई विचारात पडल्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना माशाच्या तेलाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि त्यांनी ती चिठ्ठी डॉक्टरांसमोर फाडली होती. तेव्हापासून त्या कण्हत होत्या. आता तेच तेल, मासा वगळून, शिवाय मारुतीच्या अंगावरून उतरलेलं, समोर परातीत होतं. त्यांनी बोट बुडवलं आणि साडी थोडी वर करून गुडघ्याला लावलं. मग दुसऱ्या गुडघ्याला. "गरम वाटतं," त्या म्हणाल्या. ऊन तापलेलं होतं, परातही तापलेली होती, गरम वाटणारच. पण त्यानंतर गल्लीतल्या एकाही सांध्याने दम धरला नाही. कुणी कंबरेला लावलं, कुणी मानेला, कुणी घरी पडलेल्या म्हातारीसाठी कापसात टिपून घेतलं. आबांच्या हातातली वाटीसुद्धा कुणीतरी मोठ्या प्रेमाने काढून घेतली. सुनेची दोन वर्षं अशी गल्लीभर चोळली जाताना आबा ओट्यावर बसून बघत राहिले.

दुपारी सारिका आली तेव्हा आबा पायरीवरच होते. जेवले नव्हते. हितेंद्र बोलायला लागला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. हे त्यांनाच सांगायचं होतं.

"बेटा, भिकुबाई गई. मी मारुतीले टाकी दिधी."

सारिकाने हातातली पिशवी तिथेच टाकली. ती आत धावली. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. आबांनी डोळे मिटून घेतले. ती रागावेल याची त्यांना भीती नव्हती. ती काही बोलणारच नाही, आणि उद्यापासून संध्याकाळच्या चहाला फक्त चहाच असेल, याची होती.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती तळाशी गाळ असलेली बाटली होती.

"भिकुबाई घरीच आहे, आबा. ही काय."

आबांनी बाटली घेतली, उजेडात धरली. तो गाळ नव्हता. तेल होतं, सोनेरी, जेमतेम बोटाच्या पेरभर. दोन वर्षांत एवढंच निघतं, हे ज्याच्या घाण्याखाली कधी भांडं पुरलं नाही त्या माणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग त्यांना एक प्रश्न सुचला.

"मंग ती भरेल बाटली कसानी व्हती?"

सारिकाने आधी हितेंद्रकडे पाहिलं, मग जमिनीकडे. भिकुबाईशी तुलना करून बघायला एक तेल लागतं, ते मेडिकलमधून आणलं होतं, असं ती म्हणाली. आबा वाट पाहत राहिले. "माशाचं," ती म्हणाली. "खऱ्या माशाचं. घरात सांगितलं असतं तर फ्रिजमध्ये ठेवू दिलं नसतं कुणी, म्हणून बोलले नाही. चुकलं माझं."

हितेंद्रला हसू आलं, ते त्याने गिळलं. आबा मात्र दगडासारखे बसले. मारुतीला त्यांनी नखशिखांत माशाच्या तेलाने न्हाऊ घातलं होतं आणि वर त्याच्याच समोर उभं राहून मासा नाही अशी शपथ घेतली होती. सारिका त्यांच्याजवळ बसली आणि हलकेच म्हणाली, "आबा, समुद्र ओलांडून गेलेला देव आहे. मासळीचा वास त्याला नवा नाही."

आबांना ते बरं वाटलं. देवाशी माझं मी बघून घेईन, असं ते म्हणाले, पण प्रमिलाबाईंच्या गुडघ्यांचं काय. खरं ते सांगायला हवं होतं. संध्याकाळी आरतीला गल्ली जमली तेव्हा त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं, बाटल्यांची अदलाबदल, मेडिकल, मासा, सगळं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. प्रमिलाबाई दुपारपासून दोनदा जिना चढून आल्या होत्या. सुनेचं तेल संपू नये म्हणून आबा असं बोलताहेत, ते आम्हाला समजतं, असं त्या मायेने म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या मते आबांच्या मोठेपणात आता काटकसरीचीही भर पडली होती.

परतताना आबा छगनच्या गाडीपाशी थांबले. गाडी आपल्या जागी लागली होती आणि तव्यावर कांदा पडला होता. निदान याला तरी पटावं म्हणून आबांनी पुन्हा सांगितलं की ते तेल माशाचंच होतं. छगनने उलथणं बाजूला ठेवलं.

"आबा, माले वासवरथीनच समजनं व्हतं," तो म्हणाला. "पन तुम्ही मन्हासाठे बोलनात. मंग मी कसाले बोलू?"

रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. आबांनी दार उघडलं तर फाटकाबाहेर माणसं उभी होती. कुणाच्या हातात किटली, कुणाकडे मुरंब्याची बरणी, कुणी पाण्याची प्लास्टिकची बाटली धुऊन आणलेली. सगळ्यात पुढे प्रमिलाबाई, झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन. मागे रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. आबांचे हात आपोआप धोतराला पुसले गेले आणि नजर कुणाचं भांडं केवढं आहे ते पाहत फिरली. साक्रीला शेवटच्या दिवसांत ते सकाळी घाणा उघडून बसायचे, संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे पाहायचे, आणि एक दिवस त्यांनी दार लावून घेतलं ते कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण सांगायला समोर कुणी नव्हतं.

आतून सारिका आली आणि ती रांग पाहून त्यांच्या मागेच थबकली. भिकुबाई कपाटात कुलपात होती, आणि उद्या मुंबईला जाणार होती. आता आबा काय सांगतात, याचा तिला काही केल्या अंदाज येईना. काल त्यांनी सगळ्यांसमोर खरं सांगून पाहिलं होतं, त्याचं काय झालं तेही तिला ठाऊक होतं.

आबांनी घसा साफ केला.

"तेल सरनं," ते म्हणाले. "उद्या या."

कुणाची तक्रार नव्हती. एकमेकांशी बोलत, भांडी वाजवत लोक परत फिरले. प्रमिलाबाई चांगल्या चालत गेल्या. फाटक लागल्यावर सारिका घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आबा, उद्या कुठून देणार?"

"देवाले माहीत," आबा म्हणाले. ते अजून रस्त्याकडेच पाहत होते. "पन बेटा, 'उद्या या' असं म्हनाले कितला वरीस व्हई ग्यात."